प्रश्न वाचकांचे : अंध आणि बधिरांध व्यक्तींच्या रोजगारासाठीचा सरकारी पैसा जातो कुठे?

गेल्या अंकात अंध आणि बधिरांध (म्हणजे दृष्टी आणि श्रवण दोन्ही बाधित असलेल्या) व्यक्तींच्या रोजगारावर लेख प्रसिद्ध झाला, त्यानंतर पुणे शहर आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. कोणी पालक आहेत, कोणी संस्थाचालक, तर कोणी कारखानदार. परंतु जवळपास प्रत्येक पत्रात एकच विचारणा आहे : या कामासाठी सरकार पैसे देते म्हणतात, ते कोणत्या खात्यातून येतात आणि आमच्यापर्यंत का पोहोचत नाहीत? त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. लांब पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा असून जन्मापासून कर्णबधिर आहे. दहावीनंतर तो एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागला. गेल्या काही वर्षांत त्याला रात्रीचे दिसेनासे झाले. आता दिवसाही समोरचे दिसते, पण बाजूने येणारे माणूस दिसत नाही. सामानाच्या ट्रॉलीला धडकू लागल्यावर त्याला कामावरून कमी केले. डॉक्टरांनी ‘अशर सिंड्रोम’ असल्याचे सांगितले आहे. त्याच्याकडे फक्त कर्णबधिरत्वाचे प्रमाणपत्र आहे. नोकरीसाठी त्याला सरकारची कोणती मदत मिळेल?
— एक आई, हडपसर

उत्तर : आपल्या मुलाच्या बाबतीत सर्वांत आधी करायची गोष्ट म्हणजे प्रमाणपत्र बदलून घेणे, कारण पुढची प्रत्येक योजना त्या कागदावर अवलंबून आहे. अशर सिंड्रोममध्ये जन्मजात बहिरेपणाबरोबर दृष्टिपटलाचा ऱ्हास होतो आणि तो बहुधा कडेकडून आत सरकत येतो. त्यामुळे असा रुग्ण तपासणीच्या तक्त्यावरची अक्षरे कधी कधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि ‘दृष्टी चांगली आहे’ असा शेरा घेऊन घरी येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मात्र दोन गोष्टी मोजतो : दृष्टीची तीक्ष्णता आणि दृष्टीचे क्षेत्र. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल (निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसते ते ३ मीटरवरूनही दिसत नसेल), किंवा तीक्ष्णता कितीही असली तरी दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी उरले असेल, तर ती व्यक्ती कायद्याने अंध ठरते. क्षेत्र १० ते ४० अंशांच्या दरम्यान असेल तर अल्पदृष्टी. तेव्हा ससूनमध्ये किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात तपासणीला जाल तेव्हा दृष्टिक्षेत्राची चाचणी, म्हणजे पेरिमेट्री, झालीच पाहिजे असा आग्रह धरा आणि तिचा कागद अर्जाला जोडा.

दोन अपंगत्वांची टक्केवारी सरळ बेरजेने ठरत नाही. मोठी टक्केवारी तशीच ठेवून, लहान टक्केवारीला ९० मधून मोठी वजा केल्यावर उरणाऱ्या आकड्याने गुणायचे आणि ९० ने भागायचे, मग ते मोठीत मिळवायचे, असे सूत्र आहे. म्हणजे दृष्टीचे ६० आणि श्रवणाचे ४५ टक्के असतील तर एकत्रित अपंगत्व ७५ टक्के होते. नवे प्रमाणपत्र ‘बहुविकलांगता, बधिरांधत्वासह’ या प्रकारात घ्या आणि स्वावलंबन पोर्टलवरचे यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. जुन्या कार्डावर कर्णबधिर आणि नव्या कागदावर बधिरांध असा घोळ राहिला, तर निवड झाल्यावर कागदपत्रांच्या पडताळणीत उमेदवारी अडकते.

आता आरक्षण. कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे सरकारी आस्थापनांत किमान ४ टक्के जागा ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी राखीव आहेत. अंध व अल्पदृष्टी, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग या तीन गटांना प्रत्येकी १ टक्का मिळतो. उरलेल्या १ टक्क्यात स्वमग्न, बौद्धिक अक्षम, अध्ययन अक्षम, मानसिक आजार असलेले यांचा चौथा गट आणि बधिरांधांसह सर्व बहुविकलांगांचा पाचवा गट अशी मोठी गर्दी कोंबली आहे. (ही वाटणी करताना कोणी बधिरांध माणसाला समोर बसवून विचारले असेल, असे वाटत नाही.) शिवाय त्या गटाचा उमेदवार मिळाला नाही तर जागा पुढील भरती वर्षात न्यायची आणि तेव्हाही न मिळाल्यास पाच गटांत अदलाबदल करायची, अशी तरतूद आहे, म्हणून बधिरांधांची जागा दुसऱ्या गटाकडे जाणे कायद्यातच बसते. केंद्राने ४ जानेवारी २०२१ रोजी अधिसूचित केलेल्या यादीत कोणत्या अपंगत्वासाठी कोणती पदे योग्य आहेत हे दिले असून तिच्यात ३,५६६ पदे आहेत. कोणत्याही केंद्रीय जाहिरातीला अर्ज करण्यापूर्वी त्या पदापुढे बहुविकलांगांचा उल्लेख आहे का, हे पाहून घ्या. राज्याच्या जाहिरातींत ही माहिती पदनिहाय दिलेली असते.

तथापि आरक्षणाच्या जागेची वाट पाहत मुलाला घरी बसवू नका. त्याला अजून समोरचे दिसते आहे, हा त्याच्या शिक्षणाचा सर्वांत मोलाचा काळ आहे. आज तो हातांच्या खुणा डोळ्यांनी वाचतो. पुढे त्याला समोरच्याच्या हातांवर हात ठेवून त्या स्पर्शाने वाचाव्या लागतील. ब्रेल, पांढरी-लाल काठी घेऊन चालणे आणि ब्रेल डिस्प्ले (पडद्यावरचा मजकूर बोटांखाली ब्रेलमध्ये उमटवणारे उपकरण) जोडून संगणक वापरणे या गोष्टी आत्ताच सुरू केल्या पाहिजेत. (काठीवर लाल पट्टे असले की माणूस अंध असून त्याला ऐकूही येत नाही, असा जगभर संकेत आहे, आपल्याकडच्या रिक्षावाल्यांना तो ठाऊक व्हायला वेळ लागेल.) या शिक्षणासाठी मुंबईची हेलन केलर संस्था आपल्याला सर्वांत जवळची आहे. ती १९७७ पासून बहिऱ्या आणि बधिरांध मुलांसाठी काम करते. बहुविकलांगांसाठीची केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था चेन्नईजवळ मुट्टुकाडूला आहे. काठी, ब्रेल संच, श्रवणयंत्र यांसाठी केंद्राच्या ‘ॲडिप’ योजनेतून उत्पन्नाच्या अटीवर मदत मिळते. मात्र मुलाच्या हातावर हात ठेवून त्याला हे सारे शिकवणाऱ्या व्यक्तीचा पगार कोणत्या योजनेतून निघणार, याचे समाधानकारक उत्तर आमच्याकडे नाही. पुढचे पत्र नेमके त्याविषयी आहे.

प्रश्न : आमची संस्था अंध तरुणांना संगणक आणि नोकरीची तयारी शिकवते. नोकरी लागल्यावर पहिले काही महिने त्यांच्याबरोबर कामाच्या ठिकाणी जाणारा प्रशिक्षक, ज्याला आम्ही जॉब कोच म्हणतो, नेमण्यासाठी सरकारी अनुदान मिळते का? गेल्या वर्षी कंपनीच्या सीएसआर (सामाजिक दायित्व) निधीतून एक जण नेमला होता, पण प्रकल्प संपताच त्याला सोडावे लागले.
— एक कार्यकर्ता, कोथरूड

उत्तर : थेट या कामासाठी कायमस्वरूपी लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी अंदाजपत्रकात खर्चाचे स्वतंत्र नाव, नाही, आणि या विषयातली मुख्य अडचण आमच्या मते हीच आहे. अंधांच्या रोजगारासाठी सरकार काहीच देत नाही, ही तक्रार खरी नाही. सरकार वस्तूला पैसे देते, वर्गातल्या तासाला देते, धंद्याच्या कर्जाला देते. परंतु शिकलेला उमेदवार आणि त्याला बिचकणारा मालक यांच्यामध्ये उभे राहणाऱ्या माणसाला देत नाही.

पैसा कसा येतो ते पाहू. दिव्यांगांच्या कौशल्यविकासासाठी केंद्राने मार्च २०१५ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला. त्याचा खर्च दिव्यांगविषयक कायद्याच्या अंमलबजावणीसाठी असलेल्या ‘सिपडा’ योजनेतून होतो आणि अलीकडे प्रशिक्षणार्थी व संस्था यांची नोंदणी ‘पीएम-दक्ष’ पोर्टलवर होते. या रचनेत प्रशिक्षण संस्थेला दर प्रशिक्षणार्थीमागे, दर तासाच्या हिशेबाने पैसे मिळतात आणि काही भाग उमेदवार नोकरीला लागल्याचा पुरावा दिल्यावर मिळतो. कागदावर हे चोख दिसते. परंतु तासाचा दर गृहीत धरताना एका शिक्षकासमोर पुरा वर्ग बसलेला असतो. पूर्ण अंध विद्यार्थ्याला कळफलक शिकवायचा तर सुरुवातीला शिक्षकाला त्याच्या शेजारीच बसावे लागते. बधिरांध विद्यार्थ्याला तर शिक्षक आणि स्पर्श-सांकेतिक भाषा जाणणारा दुभाषी अशी दोन माणसे लागतात आणि तास दुपटीने वाढतात. दर तोच राहतो. मग संस्था काय करते? जो चटकन शिकेल आणि चटकन लागेल, त्याला घेते. पूर्ण अंध मागे पडतो आणि बधिरांध यादीतच येत नाही. यात संस्थाचालकांची नियत वाईट असते असे नाही. हिशेबच तसा बांधलेला आहे.

दुसरा मार्ग केंद्राच्या दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजनेचा. तिच्यातून स्वयंसेवी संस्थांना प्रकल्प खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकते आणि त्यात कर्मचाऱ्यांचे मानधनही धरलेले असते, ही तिची जमेची बाजू. मात्र ते मानधन ठरावीक प्रकारच्या प्रकल्पांतल्या ठरावीक पदांचे असते; दुसऱ्याच्या कारखान्यात किंवा बँकेत जाऊन काम करणारा प्रशिक्षक त्या चौकटीत सहज बसत नाही. राज्याच्या अनुदानित कर्मशाळांचेही तसेच. तेथील निदेशकाला पगार आहे, पण तो कर्मशाळेच्या चार भिंतींत शिकवण्यासाठी. खुर्च्या विणणे, मेणबत्त्या, खडू हे उद्योग ज्या काळात अंधांना खरोखर पोट भरून देत होते, तेव्हा ही रचना ठीक होती. वेताच्या खुर्चीची जागा प्लास्टिकने घेतली, कार्यालयातला टेलिफोन ऑपरेटर स्वयंचलित यंत्रणेने घालवला, तरी अनुदानाचा साचा फारसा हललेला नाही.

सीएसआर निधीबद्दल आपला अनुभव अनेकांचा आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते आणि परिशिष्ट ७ मध्ये दिव्यांगांच्या रोजगारक्षम कौशल्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पुण्याभोवती हिंजवडी, चाकण, रांजणगाव असा उद्योगांचा पट्टा असल्याने येथल्या संस्थांना हा पैसा तुलनेने लवकर मिळतो. परंतु कंपनीला वर्षाअखेरीस आकडा हवा असतो : इतक्या जणांना प्रशिक्षण, इतक्यांना नोकरी. नोकरी टिकली की नाही, हे पाहायला पुढच्या वर्षी कोणी येत नाही आणि जॉब कोचचे खरे काम तर नोकरी लागल्यानंतरच सुरू होते.

तूर्त दोन गोष्टी करून पाहाव्यात. सीएसआरचा प्रस्ताव देताना एक वर्षाऐवजी तीन वर्षांचा द्या. कायद्यात बहुवर्षीय प्रकल्पांना मुभा आहे आणि कंपन्यांनाही खर्च न झालेल्या रकमेच्या दृष्टीने ते सोयीचे पडते. त्यात ‘उमेदवार बारा महिन्यांनंतरही कामावर आहे’ हा निकष स्वतःहून घाला, म्हणजे कोचचे पद निकषाशी बांधले जाईल. दुसरे म्हणजे, दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांना मदतनीस भत्ता देण्याची तरतूद आहे आणि कलम ३८ मध्ये अशा आधारासाठी अर्ज करण्याची पद्धत सांगितली आहे. माणसासाठीच्या खर्चाला कायद्यात जागा आहे ती ही. आपल्या बधिरांध विद्यार्थ्यांच्या वतीने असे अर्ज लेखी स्वरूपात दाखल करा; नाकारले गेले तरी कारणासह लेखी उत्तर हाती येते आणि पुढच्या मागणीला आधार होतो.

एका विसंगतीचा उल्लेख येथेच करतो. पूर्ण अंध प्रवाशाबरोबर जाणाऱ्या एका सोबत्याला रेल्वे त्याच्याइतकीच भाडेसवलत देते. पुण्याहून मुंबईपर्यंत सोबती लागतो हे सरकारला पटलेले आहे. त्याच माणसाला नव्या कार्यालयातले पहिले महिने कोणी सोबत लागेल, हे मात्र पटायचे आहे.

प्रश्न : अमेरिकेत राहणारे माझे नातेवाईक सांगतात की तिकडे अंधांना नोकरी मिळवून देण्यासाठी सरकारच माणूस देते. हे खरे आहे का? आपल्याकडे असे का नाही?
— एक निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे. अमेरिकेत व्यावसायिक पुनर्वसनाची योजना १९७३ च्या पुनर्वसन कायद्याखाली चालते. तिच्या खर्चाचा ७८.७ टक्के वाटा केंद्र सरकार उचलते आणि उरलेला २१.३ टक्के राज्याला घालावा लागतो. राज्याने आपला वाटा घातला नाही तर केंद्राचा पैसाही तेवढ्या प्रमाणात हातचा जातो. काही राज्यांत अंधांसाठी वेगळा विभाग आहे. तेथला समुपदेशक उमेदवाराबरोबर लेखी आराखडा तयार करतो आणि त्यात प्रशिक्षण, उपकरणे, दुभाषी, कामाच्या जागेवरचा प्रशिक्षक अशा सेवांचा खर्च धरता येतो. बधिरांधांसाठी तर १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून हेलन केलर राष्ट्रीय केंद्राची तरतूद केली; न्यूयॉर्क राज्यात सँड्स पॉइंट येथे असलेल्या या केंद्राला आजही केंद्रीय निधी मिळतो. ब्रिटनमध्ये १९९४ पासून ‘ॲक्सेस टू वर्क’ नावाची योजना आहे. नोकरी करणाऱ्या दिव्यांगाला लागणारा मदतनीस, सांकेतिक भाषेचा दुभाषी, कामावर जाण्यायेण्याचा जादा खर्च यांसाठी तिच्यातून एका मर्यादेपर्यंत पैसे मिळतात.

तिकडे सर्व आलबेल आहे, असा मात्र समज नको. अमेरिकेत निधी अपुरा पडला की अनेक राज्ये जास्त गंभीर अपंगत्व असलेल्यांना आधी घेतात आणि बाकीच्यांना प्रतीक्षायादीत ठेवतात. ब्रिटनच्या योजनेत अर्ज इतके तुंबलेले असतात की मंजुरी येईपर्यंत मालकाचा धीर सुटल्याच्या तक्रारी होतात. तरीही तेथे ‘रोजगार सेवा’ असे खर्चाचे स्वतंत्र नाव आहे, म्हणून ती कमी पडली की संसदेत प्रश्न विचारता येतो.

आपल्याकडे असे का नाही, याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक साधे आहे : २०११ च्या जनगणनेत दृष्टीचे अपंगत्व असलेले ५० लाखांवर लोक मोजले गेले, पण बधिरांध असा रकानाच नव्हता, ते ‘एकाहून अधिक अपंगत्व’ या रकान्यात मिसळून गेले. ज्यांची संख्याच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी तरतूद मागायला गेले की अर्थखात्याचा पहिला प्रश्न ‘किती जण?’ असा असतो आणि संवाद तेथेच खुंटतो.

प्रश्न : माझी भोसरीला छोटी कंपनी आहे, ३५ कर्मचारी आहेत. ग्राहकांच्या दूरध्वनी तक्रारी घेण्यासाठी एका पदवीधर अंध तरुणीला नेमावे असा विचार आहे. सरकारकडून मला काय मिळेल आणि मला काय खर्च येईल?
— एक उद्योजक, भोसरी

उत्तर : मिळणारे थोडे आहे, पण येणारा खर्च त्याहून थोडा आहे. केंद्राने १ एप्रिल २००८ पासून खासगी मालकांसाठी एक प्रोत्साहन योजना आणली. दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या दिव्यांग कर्मचाऱ्याच्या भविष्य निर्वाह निधीतला आणि कर्मचारी राज्य विम्यातला मालकाचा हिस्सा पहिली तीन वर्षे सरकारने भरायचा, असे तिचे स्वरूप. आमच्या पाहण्यातल्या बहुतेक कारखानदारांनी तिचे नावही ऐकलेले नाही. नेमणूक करण्यापूर्वी भविष्य निर्वाह निधी कार्यालयात आज कोणती सवलत लागू आहे ते लेखी विचारून घ्या, कारण अशा योजना एकमेकींत विलीन होत असतात. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३५ मध्ये खासगी क्षेत्रात किमान ५ टक्के कर्मचारी दिव्यांग असावेत म्हणून सवलती द्याव्यात असे आहे, परंतु ‘सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी पुस्ती जोडलेली आहे आणि सरकारी भाषा वाचण्याची सवय असलेल्यांना तिचा अर्थ ठाऊक आहे. दिव्यांगांसाठी समान संधी धोरण तयार करून जाहीर करणे आपल्यावर बंधनकारक आहे, हेही येथेच नमूद करतो.

खर्चाचे म्हणाल तर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे ‘एनव्हीडीए’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि ते मराठीही वाचते. हेडफोन लागेल : एका कानात ग्राहक, दुसऱ्या कानात संगणक. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. आपल्या तक्रार नोंदणीच्या प्रणालीतले ‘सेव्ह’चे बटण केवळ माउसने दाबता येत असेल आणि टॅबच्या कळीने तेथे पोहोचता येत नसेल, तर ती मुलगी कितीही हुशार असली तरी पहिल्याच तक्रारीवर अडेल. म्हणून मुलाखतीच्या दिवशी तिला अर्धा तास त्या प्रणालीसमोर बसवा आणि कोठे अडते ते तिच्याच तोंडून ऐका. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडून तेवढी दुरुस्ती करून घेणे हे सहसा मोठे काम नसते. प्रवेशद्वारावरच्या हजेरीयंत्राकडेही एकदा पाहा. सपाट टचस्क्रीनवर आकडे दाबायला लावणारे यंत्र अंध व्यक्तीला वापरता येत नाही आणि रोज सकाळी पहारेकऱ्याला हाक मारावी लागली की माणूस आठवड्याभरात अवघडून जातो. बोटाचा ठसा घेणारे आणि ‘बीप’ असा आवाज देणारे यंत्र असले की काम भागते.

तिला नेमताना पगार कमी ठेवू नका. ‘तिला काम दिले हेच पुष्कळ’ असा सूर काही मालकांच्या बोलण्यात असतो, तो आपल्या पत्रात नाही, हे वाचून बरे वाटले.

प्रश्न : मी एका निमसरकारी कार्यालयात लिपिक आहे. काचबिंदूमुळे माझी दृष्टी झपाट्याने गेली आहे. वरिष्ठ स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्यायला सुचवत आहेत. काय करावे?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : तो अर्ज मुळीच देऊ नका. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २०(४) प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेला कमी करता येत नाही आणि खालच्या पदावरही ढकलता येत नाही. सध्याचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यावे लागते आणि तसे पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य पद, म्हणजे मंजूर संख्येपलीकडचे जादा पद, निर्माण करावे लागते. शासनाच्या मालकीचे, नियंत्रणाखालचे किंवा अनुदानावर चालणारे मंडळ, महामंडळ वा कंपनी या सर्वांना हे लागू आहे. खासगी नोकरीत हे कलम इतक्या स्पष्टपणे उपयोगी पडत नाही, तेव्हा आपण त्या बाबतीत सुदैवी आहात.

आपण मागायचे ते दोन लेखी अर्जांत मागा : एका अर्जात पडदावाचक सॉफ्टवेअर आणि ते शिकण्यासाठी भरपगारी रजा, दुसऱ्यात कामाची फेररचना. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी ३१ मार्च २०१४ च्या परिपत्रकात दिव्यांग कर्मचाऱ्यांना साहाय्यक उपकरणे व प्रशिक्षण पुरवण्याच्या स्पष्ट सूचना आहेत. आपले कार्यालय राज्याचे असले तरी अर्जात त्याचा दाखला देता येईल. अशा खर्चासाठी वेगळ्या योजनेची वाट पाहावी लागत नाही, तो आस्थापनेनेच करायचा असतो. कार्यालयाने कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे. पहिली तक्रार त्याच्याकडे नोंदवा. दाद लागली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते. त्यांचे कार्यालय आपल्या पुण्यातच, कॅम्पात चर्च पथावर आहे आणि साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे याबाबतीत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीने दिव्यांगांच्या ५ टक्के निधीतून सर्वांना सरसकट काही रक्कम आणि दिवाळीचे साहित्य वाटले. या निधीतून अंध व्यक्तींच्या रोजगारासाठी काही करता येत नाही का?
— एक वाचक, मुळशी तालुका

उत्तर : येते, आणि करायला हवे. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका या सर्वांनी स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायचे आहेत. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. शहरात हे काम महापालिकेच्या समाज विकास विभागाकडे आणि ग्रामीण भागात जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे असते. आमच्या मते रोजगार सेवांसाठी सर्वांत मोकळा पैसा हाच आहे, कारण तो दिल्लीच्या किंवा मुंबईच्या साच्यात घट्ट बसवलेला नाही आणि त्याचा निर्णय आपल्या गावात होतो. तो वाटून टाकणे सदस्यांना सोपे जाते. वाटपाचा फोटो निघतो, कोणी नाराज होत नाही आणि मार्चपूर्वी रक्कम खर्ची पडते.

एका लहान ग्रामपंचायतीच्या ५ टक्क्यांत प्रशिक्षकाचा पगार निघणार नाही, हे उघड आहे. तथापि तालुक्यातल्या अंध व अल्पदृष्टी व्यक्तींना एकत्र आणून काठीने चालण्याचे आणि मोबाइल वापरण्याचे महिन्याभराचे प्रशिक्षण आठ-दहा ग्रामपंचायतींनी मिळून घेतले, तर येणारा खर्च त्यांच्या आवाक्यातला आहे. बसथांब्यापर्यंत एकट्याने जाता येणे हीच पुष्कळांसाठी नोकरीची पहिली पायरी असते. याविषयी ग्रामसभेत लेखी मागणी करा आणि ती इतिवृत्तात नोंदवली जाते की नाही ते तेथेच पाहा.

सोबत माहिती अधिकाराचा अर्जही करा. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. प्रश्न मोजके आणि आकड्यांचे ठेवा : मागील तीन वर्षांत प्रत्येक वर्षी ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न किती, त्याचे ५ टक्के किती, प्रत्यक्ष खर्च किती, कोणत्या बाबींवर आणि शिल्लक रक्कम कोठे आहे. ‘निधीचा गैरवापर का झाला?’ असे विचारू नका. ‘का’ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही आणि अर्ज फेटाळायला निमित्त मिळते. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करा.

प्रश्न : माझ्या अंध भावाला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात. त्याला मसाज आणि पायाचे तेलमालिश उत्तम येते. व्यवसाय सुरू केला तर ते पैसे बंद होतील, म्हणून घरचे नको म्हणतात. बीजभांडवल योजनेबद्दलही सांगावे.
— एक बहीण, सासवड

उत्तर : घरच्यांची भीती निराधार नाही. ती मदत उत्पन्नाच्या मर्यादेशी बांधलेली आहे, तेव्हा उत्पन्न त्या मर्यादेवर गेले की ती थांबते. दोष आहे तो ती एकदम थांबण्यात. कमाई वाढत जाईल तसतशी मदत हळूहळू कमी होत गेली असती, तर अनेक कुटुंबांनी धाडस केले असते. आज त्यांना ठरलेली थोडी रक्कम आणि बेभरवशाची जास्त रक्कम यांत निवड करावी लागते आणि बहुतेक जण पहिलीच निवडतात. तरी हे ध्यानात ठेवा की उत्पन्नाचा दाखला वर्षाच्या हिशेबाने निघतो. पहिल्याच महिन्यात चार गिऱ्हाइके आली म्हणून लगेच काही बंद होत नाही. व्यवसाय बसला नाही आणि उत्पन्न पुन्हा मर्यादेखाली आले, तर तहसील कार्यालयात नव्याने अर्ज करण्यास आडकाठी नाही.

राज्याच्या बीजभांडवल योजनेत १८ ते ५० वर्षे वयाच्या दिव्यांगाला १,५०,००० रुपयांपर्यंतच्या व्यवसायासाठी ८० टक्के बँकेचे कर्ज आणि २० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३०,००० रुपये, अनुदान मिळते. अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागातून बँकेकडे जातो. खरी परीक्षा बँकेत होते. कर्ज नाकारले तर तोंडी नकार घेऊन परतू नका, कारण लिहून मागा. भाऊ स्वतः अंगठा न लावता सही करू शकत असेल तर ती सही शाखेत नोंदवून ठेवा. अंध खातेदाराला चेकबुक, एटीएम आणि कर्ज यांपैकी काहीही केवळ अंधत्वामुळे नाकारता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेचे बँकांना स्पष्ट निर्देश आहेत. दीड लाखापेक्षा मोठा व्यवसाय करायचा झाल्यास राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळामार्फत राष्ट्रीय महामंडळाचे कर्ज मिळू शकते, पण पहिल्या वर्षी तेवढे डोक्यावर घेऊ नये असे आमचे मत आहे. मालिशच्या व्यवसायाला यंत्रसामग्री फार लागत नाही. एक चांगले टेबल, स्वच्छ चादरी आणि तळमजल्यावरची, रस्त्यालगतची खोली एवढ्यावर सुरुवात होते. खोलीचे भाडे प्रकल्प अहवालात खेळत्या भांडवलात धरा, कारण नवखे अर्जदार बहुधा नेमके तेच विसरतात आणि कर्जाची रक्कम टेबल-चादरीतच संपते.